हळू लावला की फाटतो

पेण, ता. १२ एप्रिल १९९४
पाडव्याचा दुसरा दिवस

सगळ्यात आधी आला तो काळुराम. दुसरा कोण गो, तुझाच दीर! काल दारात गुढी उभी, मी तव्यावर पुरणाची पोळी टाकलेली, आणि हा फटफटीवरून थेट अंगणात. मला वाटलं, चार वर्षांनी रोह्याचं माणूस दारात आलं, ते पण सणाला. मी आपली 'ये रे बाबा, पाणी घे' म्हणत उठले, तर त्याच्या हातात पहार. फटफटी नीट स्टँडवर लावली, किल्ली खिशात घातली, आणि पडवीत टांगलेल्या दत्ताच्या कर्ण्यावर त्यानं पहार घातली. असा आवाज झाला जनू, की शेजारच्या सईदच्या कोंबड्या खाडीपर्यंत पळाल्या.

"कुठं हाय तो फाटक्या आवाजाचा? बाहेर ये!" काळुराम ओरडतोय, आणि एकेक घाव घालतोय. कर्णा सपाट भाकरीसारखा झाला.

तुझा भाऊ दत्ता आत झोपलेला. कंपनीची रातपाळी करून आलेला माणूस. हल्ली तो उजव्या कुशीवरच झोपतो, आणि तसा झोपला की त्याच्या उशाशी ढोल वाजवले तरी उठत नाय. ते जाऊ दे. घरात मी आणि नमिता. मी काय करणार, म्हातारी बाई? हातात उलथनं होतं, तापलेलं, ते त्याच्या मनगटावर ठेवलं. चर्र झालं. पहार पडली त्याच्याच पायावर. मग नाचला गो तो, गुढीभोवती असा नाचला! मी हसले ते देवाला दिसलं असंल, पण सणाच्या दिवशी हसू आलं तर आवरू कशाला?

तोवर नमितानं बापाला गदागदा हलवून उठवलं. दत्ता बाहेर आला, कर्णा बघितला. बाजूला फळी होती, नव्या स्पीकरच्या खोक्यासाठी कापलेली. ती काळुरामच्या पाठीवर मोडली. दुसरी पण मोडली. काळुरामनं त्याच्या पोटात डोकं घातलं, दोघं तुळशीवर पडले, तुळस गेली, वृंदावनाचा एक कोपरा गेला. शेवटी दत्तानं त्याला पडवीच्या खांबाला बांधला, स्पीकरच्या वायरीनं. आपल्या घरात सुतळी सापडणार नाय, वायर हवी तेवढी.

आता पाडव्याला दारात आलेला माणूस उपाशी कसा ठेवू? त्यातून जावयाचा भाऊ. हात बांधलेले म्हणून मीच भरवलं. एक घास पोळीचा, एक शिवी. तो पण एक शिवी देतो, एक घास घेतो. मधीच म्हणतो, "मावशी, तूप घाल की, हात आखडू नको." नाकातनं रक्त गळतंय, आणि ह्याला तूप पाहिजे!

झालं होतं असं. नागोठण्याला एका हळदीत दत्ताचं मशीन लागलं होतं. तेच गो, त्यानं घरी पत्र्याच्या डब्यात बनवलेलं, ज्याच्यानं गाण्याचा आवाज मोठा होतो. तिथं तो माईकवर म्हणाला, "रोह्याच्या पुंडलिकाच्या मशीनला सर्दी झालीय, औषध पाठवा." लोक हसले. ते हसणं तुझ्या घरापर्यंत पोचलं. तुझा नवरा गप्प बसला, पण काळुरामनं पहार उचलली.

पोट भरल्यावर काळुराम बांधल्या जागी जरा मऊ झाला. म्हणाला, "मावशी, वैनी रडते. पत्रिकेत नमिताचं नाव वाचून रडते. पण दादाचं एकच. दत्तानं चार माणसांत कबूल करायचं, माझ्या मशीनचा आवाज फाटतो. मग तिला माहेरी धाडतो."

दत्ता म्हणाला, "माझा आवाज साफ हाय." आणि त्याच्या मांडीवर एक लाथ दिली.

"फाटतो!"

"साफ हाय!" दुसरी लाथ.

तेवढ्यात तुझी भाची उभी राहिली. आई गेल्यापासून ती जास्त बोलत नाय, तुला माहीत हाय. काल बोलली. "अक्षय तृतीयेला माझं लग्न, आदल्या दिवशी हळद. आपल्या घरात पहिली हळद आत्याच्या हातची. आई नाय, ते मी सोसलं. आत्या नसंल तर मी पाटावर बसणार नाय. मग लावा तुमची मशिनं रिकाम्या मांडवात."

दत्तानं उचललेला पाय खाली घेतला.

मग तीच म्हणाली, "मधी अंतरपाट धरा. दोघांची मशिनं पलीकडं ठेवा. कुठलं कुणाचं ते दिसायचं नाय, नुसतं ऐकायचं. फाटला वाटला त्यानं हात वर करायचा. मग कळंल कुणाला कान हायत आणि कुणाला नुसतं तोंड."

सईद कुंपणाजवळ उभा राहून सगळी मजा बघत होता. तो कुवेतला गाण्याच्या मशीनच्या दुकानात होता ना, तो म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते. तिकडं पण डबा झाकूनच ऐकवतात. नाव दिसलं की कान खोटं बोलतात."

काळुरामला सोडला. जाताना पाया पडला माझ्या, मनगट फुंकत. हे पत्र शेजारच्या सायराच्या हातून धाडतेय, ती लेकीकडं रोह्याला चाललीय. टपालानं धाडलं तर तुझा नवरा फाडतो, एवढं मला कळतं. चार वर्षांत घरात पहिल्यांदा जरा जाग आली बघ. मला रात्री छान झोप लागली.

तुझी आई,
हौसा


पेण, ता. १८ एप्रिल १९९४

जनू,
सायरानं तुझा निरोप सांगितला. तू विचारतेस की दत्तादादा असा का झाला, कुणी फाटतो म्हटलं की मारायला का धावतो. मी काय सांगू? तिसरी शिकलेली बाई मी, मला माणसांतलं कळत नाय. मी तुला नुसतं काय घडलं ते सांगते.

परवा वडखळला एक लग्न झालं. दत्ताचं मशीन होतं, मला पण नेलं होतं धवला म्हणायला. लग्नघरी अजून माझ्याशिवाय चालत नाय बरं का, नव्या पोरी कॅसेट लावतात पण विधीचं गाणं कॅसेटला येत नाय. तर मी गात होते माईकवर, आणि नवऱ्या मुलाचा मामा दत्ताच्या डाव्या बाजूनं आला आणि म्हणाला, "बारीक करा जरा, म्हातारीचा आवाज फाटतोय." दत्ता तसाच उभा. मामानं परत सांगितलं. दत्ता समोर बघतोय. मामाला वाटलं मिजास. त्यानं हात घालून बटण फिरवलं. एवढंच झालं. दत्तानं माईकचा दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. दात पडले ते अक्षतांत पडले गो, भटजी वेचत होता! मग वऱ्हाड उठलं. खुर्च्या उडाल्या. गोविंदा, आपला शेजारी, मधी पडला सोडवायला, त्याचं डोकं फुटलं. मी गात राहिले. विधी अर्धा सोडायचा नसतो, आणि खरं सांगते, मला कुणाचं ऐकू येत नव्हतं, माझाच आवाज एवढा मोठा!

हवालदार आला. दत्ताला नेला, संध्याकाळी सोडला. मामाच्या घरी मी मावरं घेऊन गेले, म्हटलं चावता येणार नाय तर कालवण प्या. त्याची बायको हसली, मग रडली, मग मला पण एक चापट मारली. बरोबर हाय तिचं.

तुझ्या लक्षात हाय का ते चार वर्षांमागचं गणपतीचं भांडण? तू आत मोदक वळत होतीस, धावत बाहेर आलीस तवा सगळं संपलेलं. तुला तेवढंच माहीत, जेवढं तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. मी ओटीवर होते. दोघं मेव्हणे मिळून ते मशीन जोडत होते, पहिलंवहिलं, दोघांनी एकत्र केलेलं. किती गोड दिसायचे! एक वायरीला कथलाचा डाग लावायचा, दुसरा फुंकर घालायचा. आरतीला लावलं, आणि पुंडलिक म्हणाला, "हळू लाव दत्ता, मग ऐक. फाटतोय." दत्तानं हळू करायच्या ऐवजी बटण शेवटपर्यंत फिरवलं, "आता बघ फाटतो का!" पुंडलिक ओरडला. दत्ता त्याच्या बापावरून बोलला. तवा तुझ्या नवऱ्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. एकच. पण तो हात मिठागरावर फावडी ओढलेला. आणि दत्तानं हातातली तापलेली डाग लावायची सळई त्याच्या मानेला टेकवली.

मानेवरचा डाग सगळ्यांनी बघितला. डाग दिसतो ना. पुंडलिक तो डाग अजून कॉलर खाली करून लोकांना दाखवतो म्हणे, रोह्याच्या बाजारात. दाखवू दे. दुसरं काय झालं त्याचं जाऊ दे. मला एकवीरेची शपथ घातलीय, मी बोलणार नाय. आई शपथ मोडत नाय.

आता गंमत सांगते. परीक्षेसाठी कॅसेट पाहिजे होती, दोघांनी न ऐकलेली, म्हणजे कुणाची लबाडी नको. सईदनं माझाच धवला भरून घेतला. आणि दत्ता रातपाळीला गेला तवा त्याच्या मशीनवर लावला. जनू! मी माझा आवाज कधी असा बाहेरून ऐकला नव्हता. काय भरदार गो! जसा काय छातीत घुमणारा, बावीस-पंचविशीचा. तुझा बाप असता तर परत वरात काढली असती. मी म्हटलं, फाटतो तर फाटू दे, मला असाच आवडतो.

सईद हसला. त्यानं मला हळूच समजावलं. म्हणाला, चाची, जोरात लावला की फाटलेलं कळत नाय, सगळाच गोंगाट. हळू लावला की कळतं. मी म्हटलं, समजलं रे, लुगड्याची चीर चालताना दिसत नाय, बाई शांत बसली की दिसते. तो म्हणाला, अगदी तसंच. मी म्हटलं, मग आमच्या घरात कुणाला कसं कळणार? आमच्याकडं हळू काय असतं? भांडी पण आपटून ठेवतात.

आता त्या दिवसाच्या तयारीला लागते. पुंडलिक हनुमान जयंतीला येतो म्हणालाय, आपलं मशीन घेऊन. तुला आणणार नाय. निकाल लागल्यावर बघू म्हणतो. नमितानं हळकुंडं दळायला काढलेली नायत, डब्यात तशीच ठेवलीत. मी विचारलं, तर म्हणाली, "आजी, आत्या आली की दळू, नायतर कशाला?"

मिरची कांडून झाली. ही सायराबरोबर धाडते. डोळ्याला हात लावू नको.

तुझी आई


पेण, ता. २६ एप्रिल १९९४

जनू, तुझा नवरा घरी आला असंल, पण तो काय सांगणार? त्याचं तोंड सुजलंय, ओठ शिवलाय, बोलता येत नाय. काळुराम सांगंल, पण त्याला अर्धंच समजलंय. म्हणून मीच लिहिते, बस जरा, चहा घेऊन बस.

काल दुपार कलल्यावर आले. पुंडलिक, काळुराम, आणि गोणपाटात गुंडाळलेलं मशीन. पुंडलिक मला बघून आधी खाली बघत उभा राहिला, मग पाया पडला. मी म्हटलं, जावई, वाळलात. मानेवरचा डाग मला जवळनं दिसला. कातडी पिकल्या करवंदासारखी झालीय. दत्तानं बघितला आणि तोंड फिरवलं.

सगळी मांडणी मी केली. दुसऱ्याला कळत नाय ना मांडवातलं. अंतरपाट नमिताचाच, तिनं स्वतः त्यावर हळदीचं स्वस्तिक काढलेलं. एका टोकाला काळुराम, दुसऱ्या टोकाला आपला गोविंदा, डोक्याला पट्टी बांधून. पडद्यामागं सईद आणि दोन मशिनं, आणि तोच वायरी बदलणार. आवाजाची खोकी दाराच्या उत्तरेला. पुंडलिक आणि वाडीतली माणसं खोक्यांच्या पुढं. आणि दत्ताला मी म्हटलं, "तू मुलीचा बाप हायस, तू पूर्वेला तोंड करून बस, बापानं दुसरीकडं तोंड करू नये." आता पूर्वेला तोंड केल्यावर खोकी त्याच्या डाव्या हाताला आली, त्याला मी काय करू? दिशा काय मी केल्या?

आणि चहा तर पाहिजेच पाहुण्यांना. चूल आत, धूर होतो, म्हणून मी स्टो बाहेर आणला आणि दत्ताच्या उजव्या हाताला ठेवला. तिथंच जागा होती. स्टो आपला जुना, पेटला की विमानासारखा घोंगावतो. त्याला मी काय करू?

आधी जोरात लावलं. सईद आतनं ओरडायचा "पहिलं!", मग "दुसरं!", आणि ज्याला फाटका वाटंल त्यानं हात वर करायचा. कुणाचा हात कुठं, कुणाचा कुठं! गोविंदा अंतरपाट धरलेला हात वर करायला लागला, पडदाच खाली आला, परत धरला. मग सईदनं नावं सांगितली, तर दत्तानं आपल्याच मशीनला हात वर केलेला. आणि हसू नको, पुंडलिकानं पण आपल्याच! चार वर्षं बाजारात मान दाखवत फिरला की मला फाटलेलं कळतं म्हणून, आणि स्वतःच्याच लेकराला फाटका म्हणाला. सगळी वाडी हसली. गोविंदा म्हणाला, "घ्या, रोह्याचा कान! कुंडलिका नदीत धुवून आणा."

काळुरामनं अंतरपाट सोडला आणि त्याच्या पट्टीवरच ठोसा दिला. मग काय विचारतेस! गोविंदानं त्याला पायरीवरनं खाली फेकला, काळुरामनं जाताजाता त्याचा कान दातात धरला. वाडीतल्या माणसांनी कुणाला मारतोय ते न बघता हात साफ केले. एक बाक मोडलं. माझी कपबशी गेली, निळ्या फुलाची. गोविंदाचा कान लोंबत होता गो, सायरानं फडक्यानं दाबून धरला. आणि ह्या सगळ्यात नमिता मधी उभी, अंतरपाट एकटीनं दोन्ही हात पसरून धरलेला. रडत नव्हती. म्हणाली, "झालं? मग बसा."

बसले बघ सगळे. नाकातोंडातलं रक्त पुसत बसले.

पुंडलिक म्हणाला, "जोरात कुणालाच कळत नाय. माझं पण चुकलं. आता हळू लावा. एकदम हळू, कानात सांगितल्यागत."

सईदनं हळू लावलं. आधी एक, मग दुसरं. आणि जनू, दुसरं लागलं तवा कळलं. गाण्यात नाय, गाण्याच्या शेवटी. जिथं मी ओळ संपवून सूर सोडते ना, तिथं कुणी चाळणीत वाळू चाळतंय तसं. खर्र, खर्र. म्हाताऱ्या माणसाचा श्वास असतो तसं. सगळ्यांचे हात वर गेले. लोंबत्या कानाच्या गोविंदाचा पण. नमितानं अंतरपाट धरलेला, तिचं तोंड पडलं. ते बापाचं मशीन हाय हे सगळ्यांना न सांगता कळलं.

फक्त दत्ता बसलेला. समोर बघत. मांडीवर हात.

आणि मग तो म्हणाला, "लावा की रे! किती वेळ वायरी बदलताय?"

गाणं चालूच होतं.

काळुराम फिस्सकन हसला. "सोंग करतोय बघा, हरला म्हणून." आणखी कुणी हसलं नाय. तुझा नवरा उठला. दत्ताच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, हातभर अंतरावर, आणि म्हणाला, "दत्ता." दत्तानं बघितलं नाय. "दत्ता," परत म्हणाला, जरा मोठ्यानं. काही नाय. पुंडलिकाचा हात आपोआप वर आला, त्याच्या कानापाशी, तोच उजवा हात, आणि तिथंच थांबला. त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. मी त्याचं तोंड बघत होते जनू. माणूस विहिरीत वाकून बघतो ना, तसं तोंड.

मग मी स्टो बंद केला. चहा झाला होता. रॉकेल कशाला जाळा उगाच?

घर शांत झालं. दत्ताला गाणं ऐकू आलं तवा, उजव्या कानानं, तेवढं. त्यानं सगळ्यांचे वर गेलेले हात बघितले. पुंडलिक फिरून त्याच्या उजवीकडं आला, खाली बसला, म्हणाला, "कधीपासून?"

दत्तानं त्याला मारलं. बसल्या बसल्या, तोंडावर. पुंडलिकानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकात एक अडकवले, आणि तोंड पुढं केलं. दत्तानं परत मारलं. ओठ फाटला. परत. दात हलला. मारामाऱ्या मी पुष्कळ बघितल्यात, पण एकाच बाजूनं आवाज येणारी पहिलीच. काळुराम धावला, त्याच्या आडवं मी उलथनं धरलं. थंड होतं, पण त्याची ओळख होती त्याच्याशी. नमिता ओरडली, "आजी, थांबव!" मी म्हटलं, "नाय. आज कुणी मधी जायचं नाय. चार वर्षांचं हाय, निघू दे."

दत्ताचे हात दुखले असतील. थांबला. पुंडलिकाच्या हनुवटीवरनं रक्त माझ्या सारवलेल्या जमिनीवर पडत होतं.

पुंडलिक म्हणाला, "मला सांगायचंस."

दत्ता म्हणाला, "कुणाला सांगू दाजी? ज्यानं मारलं त्याला?"

"व्हय. त्यालाच."

एवढंच बोलले. आणि इतकं हळू बोलले, की आपल्या घरात असं कुणी बोललेलं मला आठवत नाय.

आता तुला समजलं ना. डॉक्टर म्हणाला होता डाव्या कानाचा पडदा गेला, आता ऐकू येणार नाय. दत्तानं मला शपथ घातली, जनूला कळलं तर ती नवरा सोडून येईल, पुंडलिकाला कळलं तर तो जगणार नाय, तू बोलू नको. मी बोलले का? एक शब्द बोलले का? नाय. त्याचं त्यानंच दाखवलं. एकवीरेला मी तोंड दाखवायला मोकळी. मी नुसती मांडणी केली आणि चहा केला.

मग बाकीचे पांगले. गोविंदाला घेऊन सईद पेणच्या दवाखान्यात निघाला, म्हणाला ह्याच गाडीत जावयाला पण शिवून आणू. पुंडलिक म्हणाला, "थांबा, आधी हे." गमछा तोंडात कोंबला आणि दत्ताच्या मशीनपाशी बसला. झाकण काढलं. आत एक बारकासा स्क्रू असतो म्हणे, तो अर्धा केस फिरवायचा, नीट जागेवर आला की खर्र जातं. पुंडलिकाचा हात फिरवायला, आणि दत्ताचा उजवा कान खोक्याला लावलेला. गमछ्यामुळं पुंडलिकाला बोलता येत नाय, तो नुसत्या भुवया उचलतो. दत्ता म्हणतो, "अजून." परत भुवया. "अजून जरा. थांब. मागं घे. हां!" डोळे मिटले त्यानं. "गेलं, दाजी. गेलं."

माझं गाणं चालू होतं. वाळू गेली, खरंच गेली. आणि काय राहिलं सांगू? एक म्हातारी. कापऱ्या आवाजाची, दम लागलेली, बोळक्या तोंडाची म्हातारी गातेय. मी म्हटलं, "हे काय केलंत मेल्यांनो, कोण ही? माझा आवाज कुठं गेला?"

दत्ता म्हणाला, "आई, तुझा आवाज हाच हाय."

मी म्हटलं, "मग माझ्या गाण्यापुरता थोडा फाटका ठेवा. नमिताच्या हळदीला मी पंचविशीचीच गाणार."

पुंडलिक हसला, तोंडात गमछा, टाका न घातलेला ओठ. लागलं त्याला, तरी हसला. नमिता आत गेली, आणि मला डब्यातली हळकुंडं ओतल्याचा आवाज आला. जातं ओढून घेतलं तिनं. घरघर सुरू झाली. दत्तानं मान वळवली, म्हणजे त्याला आली ऐकू.

जाताना मी पुंडलिकाला म्हटलं, कधी आणताय लेकीला? त्याला बोलता येईना. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला, पान उलटलं, आणि मे महिन्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. बोटाला रक्त होतं, त्याचा ठसा उठला. दत्ता पुसायला गेला, मी पुसू दिला नाय.

गुरुवार हाय तो, बारा तारीख, हळदीचा दिवस. सकाळच्या गाडीनं.